ताट मोठंच राहील

भुकेला डोळे वटारून कोपऱ्यात उभं करणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझी मोठी नणंद आहे. बाकीची माणसं भुकेशी गोडीगुलाबीनं वागतात. सकाळी उपास धरतात, दुपारी साबुदाण्याच्या खिचडीपाशी तह करतात आणि संध्याकाळी भगरीवर शेंगदाण्याची आमटी ओतून, वर ‘आज काही खाल्लंच नाही’ असं म्हणत ढेकर देतात. आमच्या आक्कांना असला व्यवहार मान्य नाही. त्यांनी सरळ पोटच कापून घेतलं, आणि उरलेल्या पोटाला बजावून सांगितलं की इथून पुढं माझ्या हुकमात राहायचं. उरलेलं पोट किती हुकमात राहिलं ते पुढं येईलच. पण मानवतपासून जिंतूरपर्यंत पसरलेल्या आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत आज एकही माणूस असा नाही, जो आक्कांना ‘अजून एक घ्या ना’ म्हणायची हिंमत करील.

आक्का मानवतला मुलींच्या शाळेत मराठी शिकवतात. त्यांचे यजमान, आमचे दाजी, गावच्या बाजारपेठेत, म्हणजे मोंढ्यात, कापसाची अडत चालवतात. दाजी अंगानं तुरीच्या काडीसारखे, आणि आवाज त्याहून बारीक. आक्का पहिल्यापासूनच भरदार होत्या. पुढं पुढं तर त्या खोलीत शिरल्या की खोलीलाच आपण लहान असल्याची लाज वाटायची. रिक्षात त्या बसल्या की रिक्षावाला न सांगता दुसऱ्या कडेला सरकून बसे. एसटीत दोघांच्या सीटवर त्या एकट्या बसत, आणि कुणी उरलेल्या चतकोर जागेकडं आशेनं पाहिलंच तर म्हणत, “बसा की. जबाबदारी तुमची.” या आकाराबद्दल त्यांनी कधी कुणाची माफी मागितली नाही. एकदा साडीच्या दुकानात माणूस म्हणाला, “ताई, गडद रंगात अंग बारीक दिसतं.” आक्का म्हणाल्या, “असं का? मग पिवळी धमक काढा.” ती पिवळी साडी नेसून त्या परभणीला आमच्या दारात उतरल्या तेव्हा आमच्या गल्लीत दिवस दुसऱ्यांदा उगवला होता.

आणि खाणं! आक्का जेवायला बसल्या की वाढणारीला आपण सुगरण असल्याचा साक्षात्कार व्हायचा. धपाट्याचा तुकडा दह्यात बुडवताना त्या डोळे मिटत. येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीचा पहिला भुरका मारून ‘अगं माय’ म्हणत, आणि ते ‘अगं माय’ ऐकण्यासाठी मी नवी नवरी असताना पहाटे उठून येसर भाजलेला आहे. सासूबाई लवकर गेल्या. त्यामुळं आमचं घर हेच आक्कांचं माहेर, आणि माहेरी आलेल्या लेकीला पोटभर वाढणं ही माझ्याकडं आपोआप आलेली जहागीर.

त्यांची आणखी एक खोड आधीच सांगायला हवी, म्हणजे पुढचं नीट समजेल. आक्का घरात आपली परभणीची बोली बोलतात. ‘काय करायलीस?’, ‘लय झालं’, ‘न्हाई म्हटलं ना!’ वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी. पण राग आला की त्या घरातसुद्धा शुद्ध बोलायला लागतात. ‘तू हे काय केलंयस’ असं विचारलं तर काळजी नाही. ‘आपण हे काय करून ठेवले आहे?’ असं आलं की घरातल्या माणसांनी आपापली चप्पल शोधावी.

तर या आक्का एक दिवस वर्गात झोपल्या.

धडा शिकवता शिकवता, खुर्चीत बसल्या बसल्या. वजनामुळं रात्री श्वास अडकत होता, झोप पुरी होत नव्हती, त्यामुळं दिवसा डोळा लागायचा. हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी जाग आली तेव्हा वर्गात टाचणी पडेल तर ऐकू येईल अशी शांतता होती. सगळ्या पोरी मान खाली घालून पुस्तक वाचत होत्या. पंख्याचा खडखडाट होतो म्हणून कुणीतरी तो बंद केला होता. एक मुलगी दाराशी उभी राहून मुख्याध्यापक येतात का ते बघत होती. कुणी हसलं नाही, कुणी खडू फेकला नाही. आक्का मला म्हणाल्या, “हसल्या असत्या तर बरं झालं असतं गं. मी दोघी-चौघींना उभं केलं असतं, मिटला असता विषय. पण त्या मला सांभाळायल्या होत्या. म्हातारीला सांभाळावं तशा.” त्या संध्याकाळी त्यांनी दाजींना सांगितलं, “डॉक्टरकडं चला. काय असेल ते करून टाकू.”

गावातल्या डॉक्टरांकडचा वजनकाटा आक्का वर उभ्या राहताच शेवटच्या आकड्याला जाऊन थांबला आणि त्याच्या पुढं जायला त्यानं नकार दिला. डॉक्टर ओशाळले. आक्का नाही. “त्यात काय, चला मोंढ्यात,” म्हणाल्या. भर दुपारी, कापसाच्या गाड्या लागलेल्या असताना, दाजींच्या अडतीवरच्या मोठ्या काट्यावर त्या चढल्या. दाजी इकडं तिकडं बघून पुटपुटले, “अगं, लोक बघायलेत.” आक्कांनी पदर खोचला आणि हमालाला सांगितलं, “वाच रे, मोठ्यानं वाच. लाजू नको. गाठोडं माझं आहे.” त्यानं वाचलं. गाड्या उतरवणारे हात थांबले. आक्कांनी एकदा चहूकडं नजर फिरवली, “ऐकलं सगळ्यांनी?” म्हणाल्या, आणि खाली उतरल्या. तो आकडा मी लिहीत नाही. मानवतच्या मोंढ्यात कुणालाही विचारा, आजही सांगतील.

पोट लहान करायचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सगळं खानदान आडवं आलं. थोरल्या काकूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवून विचारलं, “जे देवानं दिलं ते कापायचं?” आक्का म्हणाल्या, “देवानं एवढं न्हाई दिलं. हे मी वाढवलंय.” कुणी म्हणालं, रोज चाला, आपोआप उतरेल. आक्कांनी त्याला सोबत चालायला नेलं. तो वाटेतच बसला, त्या घरी येऊन चहा पिऊन बसल्या. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, रडवेला होऊन म्हणाला, “आक्का, काही झालं तर?” तेव्हा मात्र त्यांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, “बाबू, आतासुद्धा काहीतरी होतच आहे की. रोज थोडं थोडं.”

संभाजीनगरच्या दवाखान्यात तरुण सर्जननं कागदावर पोटाचं चित्र काढून नीट समजावलं. पिशवीसारखं पोट असतं, त्यातला मोठा भाग काढून टाकायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची. आक्कांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. “काढलेला भाग मला दाखवणार का?” डॉक्टर गोंधळले. असं कुणी विचारत नाही म्हणाले. “मी विचारते. जन्मभर माझ्या जिवावर बसून खाल्लंय त्यानं. तोंड तरी बघू द्या.” शेवटी ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो दाखवला. आक्का शुद्धीवर येऊन फार वेळ झाला नव्हता. ओठ सुकलेले, हाताला सलाईन. त्यांनी फोटो निरखून पाहिला, दाजींना बघायला लावला आणि म्हणाल्या, “एवढ्यासाठी राबले होय मी?”

पुढची सगळी हकीकत माझ्या डोळ्यांदेखत घडली, कारण सावरण्यासाठी त्या मानवतला न जाता आमच्याकडं आल्या. माहेरपणाला आलेल्या नणंदेला औषधाच्या टोपणातून ताकाची निवळ पाजणारी भावजय आमच्या सात पिढ्यांत दुसरी झाली नसेल. सुरुवातीला नुसतं पातळ. वरणाच्या वरचं पाणी, नारळपाणी, ताक, आणि तेसुद्धा घोट घोट. त्यांचं एक टोपण संपेपर्यंत माझी एक अख्खी पोळी लाटून भाजून व्हायची. घाई केली की छातीत कळ. मी काळजीपोटी टोपण जरा जास्त भरलं की त्या ओरडत, “दोन चमचे म्हणजे दोन चमचे! जास्त दिलंस तर बघ!” आमची भिंत पातळ. पलीकडं शेजारच्या काकूंना यातलं अर्धंच ऐकू जायचं. त्यांनी गल्लीत बातमी पसरवली की सून नणंदेला मोजून दोन चमचे देते, म्हातारी बिचारी ओरडते. हे आक्कांच्या कानावर गेलं. त्या पोटावर हात दाबत, पावलं मोजून टाकत कंपाउंडच्या भिंतीपाशी गेल्या आणि काकूंना हाक मारून शुद्ध मराठीत म्हणाल्या, “माझे पोट शस्त्रक्रियेने लहान करण्यात आले आहे. माझी भावजय मला उपाशी ठेवत नाही. मी स्वतःला ठेवते. आणि म्हातारी कोण?” शेवटचा प्रश्न त्यांना सगळ्यात महत्त्वाचा वाटला असावा, कारण तो त्यांनी दोनदा विचारला.

पातळ संपून मऊ आलं. वरण, भात, पालेभाजी सगळं मिक्सरमधून एक करून. आहार सांगणारी एक गोड मुलगी दवाखान्यातून व्हिडिओ कॉल करायची. तिनं सांगितलं, “मॅडम, छोटी प्लेट घ्या, छोटा चमचा घ्या, म्हणजे कमी घेतल्यासारखं वाटत नाही.” आक्कांनी चमचा मान्य केला, प्लेट नाही. “बेटा, तुझं माप माझ्या पोटाला आहे, माझ्या ताटाला न्हाई. ताट मोठंच राहील.” आणि त्या मोठ्याच ताटात जेवल्या. पाट, पाण्याचा तांब्या, तो सुद्धा फक्त शोभेला, कारण जेवताना पाणी प्यायचं नाही. ताटात डावीकडं मीठ, लिंबाची फोड, चटणीचं बोट, आणि मधोमध अळूच्या पानावर थेंब बसावा तशी ती इवलीशी वाटी. माझ्या नवऱ्याला ते बघवत नसे. तो म्हणायचा, “आक्का, एवढ्याशासाठी एवढं कशाला?” आक्का म्हणायच्या, “एवढंसंच आहे म्हणूनच.”

मग चावणं. घास तोंडात गेला की आक्का समाधीत जात. चमचा खाली, हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. या काळात त्यांच्याशी बोलायचं नाही. फोन वाजला तर वाजू द्यायचा. दाजी रविवारी भेटायला येत. त्यांना मोंढ्यातली सवय, चार घासांत जेवण उरकून उठायची. आक्कांनी त्यांना मनगटाला धरून खाली बसवलं. “इतकी वर्षं मी तुमच्या आधी बसले आणि तुमच्या नंतर उठले. आता जरा माझ्याबरोबर बसा.” बिचारे दाजी हात वाळेपर्यंत बसून राहात. पुढं पुढं त्यांनीही हळू खायला सुरुवात केली आणि एक दिवस चकित होऊन म्हणाले, “या मेथीत लसूण असतो व्हय?” संसाराला तीस-पस्तीस वर्षं झाल्यावर.

पोट भरल्याची त्यांची खूण म्हणजे उचकी. एकच, पण अशी खणखणीत की मांडणीतली भांडी वाजावीत. उचकी आली की जेवण संपलं. चमचा तोंडाच्या दाराशी असला तरी परत. पाहुणे हसून विचारत, “कोण आठवण काढायलंय आक्का?” आक्का गंभीरपणे सांगत, “पोट. म्हणतंय, बस कर.”

पण पोट भरलं म्हणून जीव भरत नाही. आक्कांनी त्यावरही उपाय काढला आणि तो माझ्या अंगाशी आला. त्या मला पुरणपोळी करायला लावत आणि समोर बसवून खायला लावत. “खा. आणि सांग.” मी काय सांगणार? “चांगली झालीय.” “चांगली म्हणजे? परीक्षेत असं लिहिलं तर मी शून्य देते. कड खरपूस आहे का? तूप पुरणात मुरलं का वरच राहिलं? वेलदोडा आधी लागायलाय का नंतर?” मी घासाघासाला वर्णन करायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या, मधेच ‘अगं माय’ म्हणायच्या. धपाटे झाले, येसर झाला, गुळाचा शिरा झाला. आक्का आमच्याकडून मानवतला परत निघाल्या तेव्हा त्यांच्या चार साड्यांचे ब्लाउज लोंबायला लागले होते आणि माझे मला येईनासे झाले होते. घरातलं एकूण वजन तेवढंच राहिलं, असं माझा नवरा म्हणतो. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, एक दुपार सोडून. मऊ भात-खिचडी सुरू झाली होती, भाकरीला अजून परवानगी नव्हती. मी ज्वारीच्या भाकरी थापत होते. आक्का ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. तव्यावरची भाकरी टम्म फुगली, मी ती उतरवून ठेवली आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. परत आले तर आक्का जमिनीवर बसल्या होत्या, एक हात छातीवर, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी. भाकरीची एक कड तुटलेली. मी घाबरून हाका मारायला लागले तशी त्यांनी वर्गात उचलतात तसं एक बोट उचललं. गप्प. मी गप्प झाले. मग मोरीत जाऊन त्यांनी तो घास बाहेर काढला, चूळ भरली, दस्तीनं तोंड पुसलं आणि परत येऊन माझ्याजवळ पाटावर बसल्या.

“भाकरीची चूक न्हाई,” त्या म्हणाल्या. “मीच घाई केली. उभ्या उभ्या, चोरासारखी.”

“भूक लागली होती तर मला सांगायचं ना, आक्का.”

“भूक लागत न्हाई गं आता. तीच तर गंमत आहे. भूक लागतच न्हाई.” त्या तव्याकडं बघत होत्या. “नुसती आठवण येती.”

मी पुढची भाकरी थापायला घेतली. त्याही उठल्या नाहीत. भाकरी फुगली तशी त्यांनी पदर नाकाशी धरला नाही की तोंड फिरवलं नाही. पाठ ताठ करून सगळ्या भाकरी होईस्तोवर बसून राहिल्या. मला वाटतं, ऑपरेशन डॉक्टरांनी संभाजीनगरला केलं, पण आक्का त्यातून बाहेर आल्या त्या त्या दुपारी.

नंतर केस गळले. ओंजळभर केस कंगव्यात यायला लागले तेव्हा म्हणाल्या, “जाऊ दे, डोकं जागेवर आहे.” केस पुन्हा आले. साखर ताब्यात आली, गुडघे बोलायचे थांबले, आणि मुख्य म्हणजे वर्गात त्यांचा डोळा लागायचा थांबला. शाळेत परत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या वर्गाला उभं केलं. का, ते कुणाला कळलं नाही. पोरी मात्र खूश होत्या, असं ऐकलं. गावात बायका म्हणायच्या, “जाड होतात तेव्हाच बऱ्या दिसायच्या, आता आजारी दिसायल्यात.” आक्का विचारायच्या, “तेव्हा का नाही सांगितलंत बरी दिसते म्हणून?”

आता जिंतूरची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय आक्का पुऱ्या होत नाहीत. आमच्या मुलीचं लग्न जिंतूरकडच्या एका मोठ्या शेतकरी घरात जमत होतं. बोलणी झाली होती, सुपारी फुटायची होती, आणि त्याआधी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. जीपमध्ये माझ्या नवऱ्यानं आक्कांना हात जोडले. “आक्का, एवढी एक गोष्ट ऐक. ऑपरेशनचं काही बोलू नको. खानदानात काही आजार आहे की काय असं वाटेल त्यांना. जुनी माणसं आहेत.” आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, “मी प्रयत्न करीन.” माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरला.

पंगत मोठी होती. पत्रावळीवर बुंदी, बालुशाही, वांग्याची भाजी, पुऱ्या, भात. आक्कांनी पिशवीतून आपली वाटी काढून पत्रावळीवर ठेवली आणि वाढप्याला सांगितलं, “वरण, यात, निम्मं.” तो बिचारा तिथंच थबकला. नवऱ्या मुलाची आजी घरातली कर्ती. अंगानं आक्कांच्या जुन्या दिवसांची आठवण व्हावी अशी. काठी टेकत पंगतीतून आग्रह करत फिरत होती. ती आक्कांसमोर येऊन थांबली आणि तिनं स्वतःच्या हातानं बालुशाही पत्रावळीवर ठेवली. आक्कांनी ती हळूच बाजूला सरकवली. आजीनं दुसरी ठेवली. आक्कांनी तीही सरकवली.

“आमच्या घरचं अन्न गोड लागंना व्हय तुमाला?” आजीचा आवाज चढला. “पोरीची आत्या तुमी. तुमीच जेवंना झाल्या तर आमी काय समजावं?”

वाढपी थांबले. पुरुषांच्या पंगतीतून माना वळल्या. आमची मुलगी दारात उभी होती, तिचा चेहरा मला अजून आठवतो. माझा नवरा डोळ्यांनी आक्कांना विनवत होता. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, “राहू द्या, शहरातल्या बायकांचं डायटिंग असतं.” लोक हसले.

आक्कांनी हात पुसला आणि त्या उठून उभ्या राहिल्या. “मी शहरातली नाही. मी मानवतची आहे,” त्या म्हणाल्या. शुद्ध. माझ्या नवऱ्यानं डोळे मिटले. “आणि हे डायटिंग नाही. माझे पोट कापले आहे. आजार म्हणून नव्हे, आजार होऊ नये म्हणून. मला अजून पुष्कळ वर्षे शिकवायचे आहे आणि या पोरीच्या घरी येऊन बसायचे आहे, म्हणून.” मग त्या आजीकडं वळल्या आणि एकदम घरातलं बोलायला लागल्या. “आजी, तुमचं अन्न लय गोड आहे, वासावरूनच कळायलंय. पण माझ्या पोटात मूठभर जागा हाय. ती मी बालुशाहीनं भरली तर वरण-भाजी कुठं ठेवू? मला मान द्यायचा असंल तर वाढू नका. शेजारी बसा.”

आजी काठीवर दोन्ही हात ठेवून आक्कांकडं बघत राहिली. मग तिनं काठी सुनेकडं दिली आणि सगळ्यांसमोर कण्हत कण्हत आक्कांच्या शेजारी खाली बसली.

“लय दुखलं का गं?” तिनं विचारलं.

“दुखलं,” आक्का म्हणाल्या.

“माझे बी गुडघे लय दुखतेत.” आजीनं सुनेला हाक मारली. “मला बी वाटीत आण गं, हिच्यासारखं. बघू तर काय लागतंय.”

दोघी शेजारी शेजारी बसून जेवल्या. सगळी पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या, सतरंज्या झटकल्या गेल्या, तरी या दोघींचं चावणं चालूच. आक्का प्रत्येक घासाला आजीला बोटानं थांबवायच्या, “गिळू नका, अजून गिळू नका.” काकांना कुणीतरी मधे जाऊन विचारलं, सुपारीचं काय? काका म्हणाले, “आजी गिळेपर्यंत थांबा.” त्या दिवशी सुपारी फुटली. आम्ही जीपमध्ये बसेपर्यंत त्या घरातल्या बायकांनी आक्कांना ओसरीवर घेरलं होतं. एकीला डॉक्टरांचं नाव हवं होतं, एकीला वाटीचं माप, आणि एकीला फक्त पोटावरचे वण बघायचे होते. आक्कांनी दाखवले. आज माझ्या लेकीच्या सासरी मला ‘आत्याची भावजय’ म्हणून ओळखतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

या हिवाळ्यात दाजींनी शेतात हुरड्याला बोलावलं. थंडी चांगली होती. आगटीत कणसं टाकली होती, सगळे भोवती गोल बसले होते. लेक आली होती, जावई आले होते, दही, लसणाची चटणी, गूळ, बोरं, सगळा थाट. आक्का कणसं आगीतून काढत होत्या, तळहातावर चोळत होत्या, फुंकर मारून कोंडा उडवत होत्या आणि ज्याच्या त्याच्या पुढ्यात हिरवेगार दाणे टाकत होत्या. हात भाजत असतील, पण थांबल्या नाहीत. जावयांना बळं बळं खायला घातलं. पोरं खाऊन दमली आणि बांधावर पळाली. पुरुष विहिरीकडं गेले. ऊन तुरीच्या शेंड्यांवर येऊन थांबलं होतं.

आगटीपाशी आम्ही दोघीच उरलो. तेव्हा आक्कांनी स्वतःसाठी एक कणीस काढलं. चोळलं. तळहातावर थोडेसेच दाणे घेतले आणि एकेक उचलून तोंडात टाकायला लागल्या. डोळे मिटलेले. वाऱ्यानं राख हलत होती. गाडीकडून कुणीतरी हाक मारली, चला म्हणून, आणि आक्कांनी ऐकलं नाही की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मला ठाऊक नाही. त्यांचा चेहरा आता बारीक झालाय. गालफडं दिसतात, गळ्याशी कातडी सैल पडलीय, आणि त्या उजेडात पहिल्यांदा मला त्या माझ्या सासूबाईंच्या फोटोसारख्या दिसल्या.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. तळहातावर अजून काही दाणे होते. त्यांनी माझा हात ओढून घेतला, दाणे माझ्या हातावर ओतले आणि माझी मूठ आपल्या हातानं मिटवली.

“घे,” म्हणाल्या. “माझं झालं.”

त्यांचा हात भाजल्यामुळं गरम होता. दाणे मात्र निवले होते. मी ते लगेच खाल्ले नाहीत. मूठ तशीच मिटून, त्यांना उठायला दुसरा हात दिला, आणि त्यांनी तो घेतला नाही. स्वतःच्या गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, साडीवरचा कोंडा झटकला, आणि माझ्या पुढं चालायला लागल्या.